रामशास्त्री आणि ऐकणारे कान

रामशास्त्री प्रभुणे हे नाव मराठी घरात नव्याने सांगावे लागत नाही. शाळेच्या पुस्तकात ते भेटतात. १९४४ साली ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात गजानन जागीरदारांच्या रूपाने ते आपल्या वडीलधाऱ्यांना भेटले. आजही कचेरीत कुणी साहेबाला तोंडावर काही ऐकवले की त्याला रामशास्त्री ही पदवी मिळते, आणि ती बहुधा कौतुकाने दिलेली नसते!

त्यांच्या निर्भीडपणाचे गोडवे आपण पुष्कळ गायले. मला मात्र त्यांचे चरित्र वाचताना वेगळाच प्रश्न पडत आला आहे. माणूस तोच, जीभ तीच. मग एका धन्यापाशी त्यांच्या बोलण्याने राज्यकारभार सुधारला आणि दुसऱ्यापाशी त्यांना पुणे सोडावे लागले, हे कसे?

शास्त्रीबुवा साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. पोरवयात शिक्षण झाले नाही. एका सावकाराच्या घरी ते पडेल ते काम करीत. धन्याच्या पायावर पाणी घालताना त्याच्या कानातल्या भिकबाळीकडे पाहत राहिले, म्हणून त्यांना टोचून बोलणी खावी लागली आणि ते काशीची वाट चालू लागले, अशी कथा सांगतात. काशीहून परतले ते मोठे पंडित होऊन. १७५१ साली ते पेशव्यांच्या चाकरीत शिरले आणि १७५९ साली मुख्य न्यायाधीश झाले. एवढ्या मोठ्या पदावरचा हा माणूस घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवीत असे. ज्याला गमावण्यासारखे काही नाही, त्याचा आवाज सहसा कापत नाही.

१७६१ साल उजाडले ते पानिपत घेऊन. त्याच वर्षी नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. डोक्यावर कर्ज, घरात काकांचा रुसवाफुगवा. त्या काळात तरुण पेशव्यांचे मन जपजाप्य, ध्यानधारणेत फार रमू लागले. ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवलेली हकिकत अशी : शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर श्रीमंत ध्यानस्थ. दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी आदल्या दिवशीच्या खोळंब्याबद्दल दिलगिरी दाखवली, पण आपल्या धर्माचरणाचे समर्थनही केले. तेव्हा शास्त्रीबुवांनी स्पष्ट सांगितले, की राज्य पत्करले असेल तर रयतेचे काम हाच धर्म. ब्राह्मणाची कर्मेच करायची असतील तर गादी सोडून आपणही माझ्याबरोबर काशीला चलावे.

सोळा-सतरा वर्षांच्या सत्ताधीशाने हे ऐकून घेतले. नुसते ऐकले नाही, तर चूक कबूल करून तो परिपाठ सोडला. या गोष्टीत मला खरा मोठेपणा इथे दिसतो. दरबारातल्या प्रत्येकाने त्या दिवशी पाहिले, की खरे बोलणाऱ्याचे पद शाबूत राहिले आणि बोलल्याचा उपयोगही झाला.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. एका शाखेत भिंतीवर सूचनापेटी होती. तिची किल्ली साहेबांच्या खणात. पेटीत चिठ्ठी कधी पडली नाही, कारण हस्ताक्षर सगळ्यांचे ओळखीचे. सभेत साहेब विचारीत, कुणाला काही सांगायचे आहे का, आणि सगळे पंख्याकडे पाहत. चहाच्या टपरीवर मात्र सगळ्यांना कंठ फुटे. पुढच्या एका शाखेतले साहेब निराळे. ते आधी सर्वांत कनिष्ठाला विचारीत, स्वतः शेवटी बोलत. पेन्शनच्या दिवशी म्हातारी माणसे उन्हात उभी राहतात, असे एका नव्या कॅशियरने चाचरत सांगितले. पुढच्या महिन्यात रांग आत आली आणि खुर्च्या मांडल्या गेल्या. त्यानंतर त्या शाखेत बोलण्यासाठी कुणाला आग्रह करावा लागला नाही.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वारले, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. शास्त्रीबुवांनी काही आठवडे तपास केला आणि खुद्द नव्या धन्यालाच दोषी ठरवले. प्रायश्चित्त विचारले गेले तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे नाही, असे सांगून ते पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. इथे ऐकणारा कानच नव्हता. त्यात रघुनाथरावांचे काय भले झाले? थोड्याच महिन्यांत त्यांची गादी गेली. पुढे बारभाईंचा कारभार स्थिरावल्यावर शास्त्रीबुवांना सन्मानाने परत आणले गेले. १७८९ साली ते वारले.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात महिन्याचा किराणा असतो, घराचे हप्ते असतात, मुलांच्या फिया असतात. त्यांनी रोज रामशास्त्री व्हावे अशी अपेक्षा धरणे हा अन्यायच. म्हणून हाताखाली चार माणसे असलेल्या प्रत्येकाने, मग ती कचेरी असो, कारखाना असो की दुकान, शास्त्रीबुवा शोधत बसण्यापेक्षा स्वतः थोडेसे माधवराव व्हावे. खरे बोलणारी माणसे तिथेच असतात. पहिल्याने बोलून पाहिले तेव्हा त्याचे काय झाले, एवढे बाकीचे पाहत असतात.