रिकामी पुंगळी आणि ऑग्डेनचा ब्राउनिंग

काडतुसाची रिकामी पुंगळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांचा पंचनामाच उभा राहतो. पण मातीच्या तबकड्या उडवून त्यांवर नेम धरणाऱ्या हौशी मंडळींची तक्रार अगदी घरगुती असते. नेमबाज ओळीने उभे असतात. एकाने बार काढला की त्याच्या स्वयंचलित बंदुकीतली गरम पुंगळी उडते ती थेट उजवीकडच्याच्या अंगावर! डावखुऱ्याच्या तर नाकासमोरूनच जाते. मग कोणी पत्र्याची पट्टी ठोकून बसवतो, कोणी रबरबँड ताणून बांधतो. पुंगळी पायाशी पडावी, एवढाच हेतू. या खटाटोपाचे मूळ ज्याच्यापाशी जाते, तो जॉन मोझेस ब्राउनिंग.

२३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेत, युटामधल्या ऑग्डेन गावी तो जन्मला. वडील जोनाथन बंदुका करणारे. मॉर्मन पंथाचा हा गृहस्थ. तीन बायका आणि २२ मुले! दुकानातल्या भंगाराच्या ढिगाशी खेळतच पोर वाढले. दहाव्या वर्षी धाकट्या मॅटला हाताशी धरून त्याने मोडकी नळी नि कुऱ्हाडीने तासलेली फळी यांची बंदूक जमवली आणि माळावरचे पक्षी मारून आणले. अकराव्याला टेकलास, याहून चांगली नाही का करता आली, असे वडिलांनी विचारल्याचे घरच्यांनी सांगून ठेवले आहे.

ती त्याने केलीच. १८७९ मध्ये एकबारी रायफलचे पेटंट मिळाले, १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा बेनेट स्वतः ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलरला हक्क घेऊन गेला. पुढची १९ वर्षे हेच चालले. ब्राउनिंगने नमुना न्यायचा, बेनेटने एकरकमी पैसे मोजायचे. त्यातले कितीतरी नमुने कंपनीने कधी बनवलेच नाहीत. ते दुसऱ्याच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठी घेतले.

मग आली स्वयंचलित छर्ऱ्यांची बंदूक. बार उडाला की धक्क्याने नळी आणि खटका दोन्ही मागे सरकत. नळी आधी पुढे परते, खटक्याला धरलेली पुंगळी मोकळी होऊन बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकली जाई आणि नवे काडतूस वर चढे. १९०० साली पेटंट झाले. या वेळी ब्राउनिंगने विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे वाटा मागितला. बेनेट नाही म्हणाला. मैत्री तिथेच संपली. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टनच्या मार्सेलस हार्टलीला भेटायला गेला, तर कचेरीत वाट पाहत असतानाच हार्टली हृदयविकाराने वारल्याची खबर आली. दुसरा कोणी गावी परतला असता. ब्राउनिंग बंदूक घेऊन जहाजात बसला, बेल्जियममध्ये लिएजजवळच्या कारखान्यात पोचला आणि करार करूनच उठला. ‘ऑटो-५’ पुढे १९९८ पर्यंत निघत राहिली.

विंचेस्टरची फजिती तर ऐकण्यासारखी. पेटंटाचा मसुदा त्यांच्याच माणसांनी इतका घट्ट बांधला होता की तो चुकवून स्वतःची बंदूक काढायला त्यांना १९११ साल उजाडले, आणि तीही नळी हाताने मागे ओढून भरावी लागे!

१९१५ मध्ये ब्राउनिंगने आणखी एका बंदुकीचे पेटंट घेतले. तिच्यात काडतूस खालून भरायचे आणि पुंगळीही खालीच पडायची. डावखुऱ्यांना आणि शेजाऱ्यांना ना पट्टी हवी, ना रबरबँड. रेमिंग्टनने ती १९२१ पासून विकली, १९३७ पासून इथाका कंपनीने.

त्याच्या हातचे सारेच असे निरुपद्रवी नव्हते. १९१४ मध्ये साराजेव्होला आर्चड्यूक फर्डिनांडवर चालले ते पिस्तूल त्याच्याच आराखड्याचे, आणि त्यानंतरच्या महायुद्धात मशीनगनही त्याच्याच.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजजवळच्या त्याच कारखान्यात काम करता करता हृदय बंद पडून तो गेला. त्याची अखेरची बंदूक होती एकावर एक दोन नळ्यांची. तिच्यात नळ्या उघडल्याशिवाय पुंगळी बाहेरच येत नाही. उरलेले काम मुलगा व्हॅल याने पुरे केले.