चिठ्ठ्यांना उत्तरं देणारे मास्तर

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवत होते. नोकरीची पहिली काही वर्षं प्रजननाचा धडा आला, की मी काय करायचे सांगू? मुलांना म्हणायचे, हा धडा घरी वाचून या. मुलं खाली मान घालून हसायची, मीही खडू ठेवून पुढच्या धड्याकडे वळायचे. सगळेच असं करतात, मग माझंच काय चुकलं, अशी मनाची समजूतही घालायचे.

एकदा आठवीतली एक मुलगी नळाच्या मागे रडत बसलेली सापडली. तिला पाळी आली होती. आपल्याला मोठा आजार झालाय आणि आता आपण मरणार, असं तिला वाटत होतं. आईला सांगायची हिंमत नव्हती आणि बाईंना विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मैत्रिणींनो, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली. त्या पोरीची विज्ञानाची बाई मीच होते ना!

त्याच सुमारास, २००१ मध्ये, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला. र. धों. कर्वे हे नाव मी तोवर नुसतं ऐकून होते, महर्षी कर्व्यांचा मुलगा म्हणून. चित्रपट पाहिल्यावर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी अण्णांनी एका विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. लोकांच्या विरोधात जाऊन योग्य ते केलं की काय सोसावं लागतं, हे या मुलाने लहानपणीच घरात पाहिलं होतं. पोरगा हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला, फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली, पुढे पॅरिसला जाऊन गणित शिकून आला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. चांगली नोकरी, नावाजलेलं घराणं. आणखी काय हवं?

पण आजूबाजूला काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. वर्षाआड बाळंतपणं करून खंगलेल्या बायका, नवऱ्याकडून आलेले गुप्तरोग मुकाट सोसणाऱ्या बायका. यातलं बरंचसं निव्वळ अज्ञानामुळे होतंय, आणि लाजेपोटी ते अज्ञान कोणी दूर करत नाही, असं त्यांचं ठाम मत झालं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असं केंद्र काढलं होतं, म्हणजे आपला हा मास्तर जगाच्या मागे नव्हता! या विषयावर उघड बोलणं कॉलेजच्या चालकांना रुचलं नाही आणि १९२५ मध्ये नोकरी गेली.

इथे मला मालतीबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याने असलं काम हाती घेतल्यावर शेजारपाजारच्या नजरा कोणी झेलल्या असतील? हातातोंडाची गाठ कोणी घातली असेल? स्वतःला मूल नको, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. आजही गावात मूल नसलेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी तर विचारूच नका.

जुलै १९२७ मध्ये रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. शरीर, लग्न, संततिनियमन, गुप्तरोग यांविषयी ते सरळ मराठीत लिहीत. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटलं ते प्रश्नोत्तरांचं सदर. जे आईबापांना, डॉक्टरांना किंवा मित्रांना विचारता येत नाही, ते वाचक पत्रातून विचारायचे आणि रघुनाथराव प्रत्येकाला सरळ उत्तर द्यायचे. विचारणाऱ्याची चेष्टा नाही की त्याला पापाची भीती नाही.

त्यावरूनच खटले झाले. १९३१ मध्ये एका लेखावरून अश्लीलतेचा आरोप आला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली गेली. तेव्हा वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांनी विचारलेल्या शंकांना जाणकाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही, पुन्हा दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही.

त्यांचं सगळंच लिखाण मला पटतं असं नाही. विरोधकांवर ते फार तुटून पडत आणि त्यामुळे पुष्कळ माणसं दुरावली असणार. पण चिकाटी बघा. १९५२ मध्ये भारत सरकारने स्वतःच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ थांबलं.

हे सगळं वाचून मी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला फट पाडली आणि प्रयोगशाळेत ठेवला. नाव न लिहिता चिठ्ठी टाका, शनिवारी मी उत्तर देईन, असं मुलींना सांगितलं. पहिल्याच शनिवारी अकरा चिठ्ठ्या निघाल्या. पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? एका बाजूची छाती लहान आहे, हा आजार का? आणि एक चिठ्ठी वाचून माझे हातपाय गार पडले. नात्यातला एक माणूस त्रास देतो, कोणाला सांगू, असं तिच्यात लिहिलं होतं. ती मुलगी कोण, ते मी शोधून काढलं आणि तिच्या आईला विश्वासात घेऊन तो त्रास थांबवला. डबा नसता तर?

२००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्यातल्या शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबलं. आमच्या शाळेतही डबा कपाटात ठेवायला सांगण्यात आलं. मी ठेवला. रघुनाथरावांइतकी हिंमत माझ्यात नव्हती, हे कबूल करते. मुली मात्र मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत येऊन विचारून जायच्या, आणि त्यांना मी कधी परत पाठवलं नाही.

२०१८ मध्ये दहावीचं नवं विज्ञानाचं पुस्तक हातात आलं. त्यात एका धड्याचं नाव होतं ‘सामाजिक आरोग्य’. ताणतणाव, व्यसनं, मोबाइलचं वेड, सायबर गुन्हे, सगळं त्यात होतं. ते नाव वाचलं आणि मला रघुनाथरावांचं मासिक आठवलं. कपाट उघडून डबा बाहेर काढला, पुसला. या वेळी मुलांसाठीही एक वेगळा डबा ठेवला. खरं सांगते, मुलांच्या चिठ्ठ्या जास्त निघाल्या!

आता मी निवृत्त आहे. डबे माझ्यानंतर आलेल्या बाईंकडे सोपवलेत. पण शनिवारचा तास आठवड्यातून एकदाच असतो आणि मुलं घरी रोज असतात. तुमच्या लेकीने किंवा लेकाने असं काही विचारलं, तर ‘गप्प बस’ म्हणण्याआधी क्षणभर थांबाल ना? उत्तर येत नसेल तर उद्या सांगते म्हणा, आणि उद्या खरंच सांगा.