मोरोपंत

मोरोपंत ऊर्फ मोरेश्वर रामजी पराडकर (जन्म : पन्हाळा, इ.स. १७२९, मृत्यू : बारामती, १५ एप्रिल, इ.स. १७९४) हे पेशवेकालीन मराठी पंडित कवी होते. आर्या वृत्तातील प्रभुत्व आणि अक्षरबंधांचे चित्रकाव्य यांसाठी ते प्रसिद्ध आहेत.

जीवन

पराडकर घराणे मूळचे कोकणातील सौंदळ येथील. मोरोपंतांनी पन्हाळ्यास केशव पाध्ये व गणेश पाध्ये यांच्याकडे संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. वडील रामजीपंत हे बारामतीकर बाबूजी नाईक यांच्या सेवेत होते. पुढे मोरोपंतही कऱ्हेकाठच्या बारामतीस आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. पेशव्यांशी सोयरीक असलेल्या या सावकार घराण्यात पुराणकथनाचे काम त्यांच्याकडे होते. आश्रयामुळे निर्वाहाची चिंता मिटली. तथापि त्यांच्या प्रमुख रचनांचा विषय आश्रयदाता नसून पुराणकथा व ईश्वरभक्ती हाच राहिला.

काव्यरचना

'आर्याभारत', 'कृष्णविजय', 'मंत्रभागवत' व 'केकावली' या त्यांच्या महत्त्वाच्या रचना होत. त्यांनी १०८ रामायणे रचल्याची प्रसिद्धी आहे. कथा सर्वांना ठाऊक, वृत्ताचे नियमही ठरलेले. त्यामुळे प्रत्येक रामायणासाठी नवे बंधन स्वतःच घालून घेणे, हे त्यांच्या निर्मितिस्वातंत्र्याचे क्षेत्र ठरले. मंत्ररामायणात ठरावीक स्थानांवरील अक्षरे क्रमाने वाचली असता राममंत्र सिद्ध होतो. हा बंध कानापेक्षा डोळ्यांना अधिक उमगतो. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने वर्ज्य आहेत. साहजिकच कथानायकाचे राम हे नावही त्यात येऊ शकत नाही.

याउलट 'सीतागीत' व 'सावित्रीगीत' या रचना स्त्रियांना गाता याव्यात इतक्या सुबोध आहेत. पृथ्वी वृत्तातील 'केकावली' ही उत्तरायुष्यातील रचना. केका म्हणजे मोराचा टाहो. कवीने स्वतःच्या नावावर श्लेष साधून ईश्वराची करुणा भाकली आहे. येथे शब्दचमत्कृतीपेक्षा आर्तता वरचढ ठरते.

प्रभाव व समीक्षा

शाहीर राम जोशी यांनी कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या लोकप्रिय केल्या. यमक, श्लेष व संस्कृतप्रचुर शब्दकळा यांमुळे त्यांच्या काव्यावर कृत्रिमतेचा आक्षेप घेतला गेला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'त त्यांची बाजू मांडली, तर ल. रा. पांगारकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. आक्षेप मान्य केला, तरी स्वीकारलेल्या बंधनांतून मराठीची शब्दशक्ती किती ताणता येते, हे मोरोपंतांच्या काव्याने दाखवून दिले.