धर्मगुरूविना धर्मग्राम

डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना जिंकले, आणि सिलोनच्या किनारपट्टीवरील कॅथलिक प्रजा एकाएकी पोरकी झाली. पोर्तुगीज धर्मगुरू हद्दपार झाले, देवळे डचांच्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेली आणि पाद्र्याला आसरा देणाऱ्यास देहदंड ठरला. वस्तुतः ईस्ट इंडिया कंपनीला आस्था होती ती दालचिनीची. परंतु प्रत्येक कॅथलिक हा पोर्तुगीजांचा छुपा हस्तक, असे तिच्या अधिकाऱ्यांनी धरून टाकले होते. व्यापारी मक्तेदारीला धर्माचे वावडे नसते, संशयाचे मात्र व्यसन असते. सुमारे तीस वर्षे या लोकांना मिस्सा नव्हती की पापनिवेदन नव्हते. जपमाळ आणि पाठ असलेल्या प्रार्थना एवढाच त्यांचा ठेवा उरला.

ही वार्ता गोव्यात एका तरुण धर्मगुरूच्या मनाला लागून राहिली. जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली येथे झाला. घराणे सांकवाळचे, कोकणी ब्राह्मण ख्रिस्ती. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे कानडा मुलखात त्यांनी काही वर्षे काम केले. तथापि एतद्देशीय पाद्र्यांना युरोपीय संन्यासी संघांची दारे बहुधा बंदच असत. म्हणून १६८५ साली ते जुन्या गोव्यातील देशी धर्मगुरूंच्या एका लहानशा मंडळात सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या ऑरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या मंडळाला शिस्त आणि आकार दिला.

१६८७ साली वाझ जॉन नावाच्या एका सेवकाला बरोबर घेऊन गरीब मजुराच्या वेषात सिलोनला उतरले. प्रवासात जडलेल्या हगवणीने ते जाफन्यात मरणोन्मुख झाले होते. बरे होताच ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. गळ्यात जपमाळ उघड दिसेल अशी घातलेली. तिच्याकडे कोण कशा नजरेने पाहतो यावरून ते आपली माणसे ओळखीत. मिस्सा रात्री, एखाद्या घरात. पहाट होण्यापूर्वी मुक्काम हलविलेला असे. १६८९ च्या नाताळात डचांनी छापा घालून भाविकांना पकडले. वाझ निसटले आणि पुढे कँडीच्या राज्यात गेले.

तेथेही १६९२ साली पोर्तुगीज हेर ठरवून त्यांना अटक झाली. पहारा सैल झाल्यावर त्यांनी कैदेतच एक झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले. पुढे एका अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडला, असे परंपरा सांगते. तो चमत्कार मानावा की योगायोग, हे ज्याचे त्याने ठरवावे. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने मात्र त्यांना राज्यात मोकळीक दिली. १६९७ साली देवीची साथ आली. लोक रोग्यांना रानात सोडून पळत असता वाझ आणि त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो यांनी झोपड्या बांधून धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली.

वाझ यांच्या चरित्रात पावसाचीच कथा अधिक सांगितली जाते. त्यांची खरी कामगिरी मात्र वेगळी आहे. अख्ख्या बेटावर मूठभर धर्मगुरू; ते एका गावी कितीदा पोहोचणार? म्हणून गावोगावी गृहस्थांपैकीच एक प्रमुख नेमण्याची व्यवस्था झाली. रविवारी लोकांना जमविणे, प्रार्थना म्हणून घेणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, तान्ह्या अर्भकास प्रसंगी बाप्तिस्मा देणे आणि मरणासन्नाच्या उशाशी बसणे ही कामे त्याची. म्हणजे पाद्री येई तो चालत्या धर्मग्रामात येई. त्यासाठी प्रार्थना तमिळ आणि सिंहली भाषांत हव्यात, हे ओळखून वाझ दोन्ही भाषा शिकले. १७०५ साली गोव्याहून आलेले जाकोम गोन्साल्व्हिस यांनी तर त्या दोन्ही भाषांत विपुल ग्रंथरचना केली. युरोपातून पैसा वा माणसे न मागता गोमंतकीयांनी चालविलेले हे कार्य होते, याची नोंद आपल्याकडील इतिहासात अभावानेच आढळते.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वाझ यांचे निधन झाले. डचांची बंदी त्यानंतरही अनेक दशके टिकली, आणि गावोगावचे ते गृहस्थ रविवारी लोकांना जमवीतच राहिले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावर, लाखोंच्या समुदायापुढे, वाझ यांना संतपद बहाल केले. त्यांची कबर नेमकी कोठे आहे, हे आज कोणालाही ठाऊक नाही.