कुस्तीगीर खाशाबा जाधव

कृष्णा आणि कोयना या दोन नद्या कराड येथे समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. या संगमापासून जवळच गोळेश्वर नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील दादासाहेब जाधव हे त्या पंचक्रोशीत पहिलवान म्हणून नावाजलेले होते. त्यांना पाच मुलगे होते. त्यांतील सर्वांत धाकटे खाशाबा. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. मूल पाच वर्षांचे होते न होते तोच दादासाहेबांनी त्याला आखाड्याच्या मातीत उतरविले. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असता खाशाबा धावण्यात, पोहण्यात आणि वजने उचलण्यातही चमकले. परंतु त्यांचे मन रमले ते कुस्तीतच. १९४२ च्या चळवळीत या शाळकरी मुलाने भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्यास आणि त्यांची पत्रके पोहोचविण्यास हातभार लावला होता.

शालेय शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरास कुस्तीची पंढरी बनविले होते. तेथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. खाशाबांची उंची अवघी पाच फूट पाच इंच. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धांत नाव घालावयास ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ देहयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठविले. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांपुढे जाऊन उभे राहिले. खर्डेकरांनी अनुमती दिली आणि आपल्याहून धिप्पाड अशा मल्लांना खाशाबांनी एकामागून एक अस्मान दाखविले.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांना तेथे जाता आले. परंतु तेथे माती नव्हती, गादी होती. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटतो; मल्लाच्या दृष्टीने मात्र तो फार मोठा असतो. मातीत पाय रुततो, म्हणून हालचाल सावकाश होते. मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, त्यामुळे घाम टिपला जातो आणि पकड निसटत नाही. आपल्याकडील कुस्ती पुष्कळ वेळा चितपट होईपर्यंत चाले. प्रतिस्पर्ध्याला दमवून, वाट पाहून डाव टाकण्यास तेथे सवड असे. गादीवर यांपैकी काहीच उपयोगी पडत नाही. तेथे घामाने निथळणारे अंग हातातून सुटते. वेळ ठरलेला असतो आणि तेवढ्यात कोणी चीत न झाल्यास पंच गुणांवर निकाल देतात. जो चपळ, तो पुढे जातो.

लंडनला खाशाबांना रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाचे साहाय्य मिळाले होते. त्या अल्पशा शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरविले, पण इराणच्या मल्लापुढे त्यांचे काही चालले नाही. त्यांच्या वजनी गटात त्यांचा सहावा क्रमांक लागला. अननुभवी मल्लाला तो भूषणावह होता. खाशाबांचे समाधान मात्र झाले नाही. कोठे उणे पडले, हे त्यांना कळले होते. ताकद कमी पडली नव्हती. अंगी मुरलेली सवय आड आली होती.

अशी सवय मोडणे फार कठीण असते. लहानपणापासून जे पाय मातीत रोवण्यास शिकले, त्यांना उचलून पळण्यास शिकवावयाचे. जे हात सावकाश पकड घेत, त्यांना क्षणार्धात घ्यावयास लावावयाचे. पुढील चार वर्षे खाशाबांनी याचा ध्यास घेतला. हजाराच्या घरात बैठका आणि दोन-तीनशे जोर, असा त्यांचा क्रम सांगितला जातो. ढाक हा त्यांचा आवडता डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला अंगावरून फेकावयाचे असते. असा डाव ताकदीपेक्षा वेगावर अवलंबून असतो. निमिष चुकले की टाकणाराच खाली येतो.

आता ते अधिक वजनाच्या, सत्तावन्न किलोच्या गटात उतरणार होते. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी झालेल्या निवडीत त्यांना एका गुणाने डावलण्यात आले. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबा निर्विवाद विजयी झाले. मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, तरीही पुरेशी रक्कम होईना. तेव्हा ज्या खर्डेकरांनी पूर्वी त्यांना मैदानात उतरू दिले होते, त्यांनीच आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती आणि परत मिळण्याची शाश्वतीही नव्हती.

हेलसिंकीच्या गादीवर उतरलेला मल्ल लंडनचा राहिला नव्हता. कॅनडा आणि मेक्सिको या देशांच्या मल्लांना त्यांनी चीत केले. जर्मनीच्या मल्लालाही त्यांनी नमविले. अखेरीस जपानचे इशी आणि सोविएत संघाचे ममदबेयोव हे दोघे उरले. यांतील एक दीर्घ कुस्ती आटोपते तोच दुसरीसाठी पुकारा झाला. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु खाशाबांच्या वतीने तो पंचांपुढे मांडण्यास त्या वेळी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा पुन्हा गादीवर गेले. दोन्ही कुस्त्या त्यांनी गमावल्या. सुवर्णपदक इशींनी जिंकले. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात लाभलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. तसे दुसरे पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-लेझीम वाजत होते. एरवी थोड्या वेळात सरणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. या जल्लोषातही खर्डेकरांचे गहाण पडलेले घर खाशाबांच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः मातीत उतरून कुस्त्या जिंकल्या आणि त्या पैशातून घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले आणि पदोन्नती मिळून साहाय्यक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. दिल्लीत २०१० साली राष्ट्रकुल सामने झाले, तेव्हा जेथे कुस्त्या झाल्या त्या क्रीडागृहास खाशाबांचे नाव देण्यात आले. तेथील कुस्त्याही गादीवरच झाल्या.