एका हाताचा मेजर आणि पाण्याचा हिशेब

भूगोलाच्या पेपरात स्थलनिर्देशक नकाशा आला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. त्या वेड्यावाकड्या तपकिरी रेषा नेमक्या कशासाठी? याच रेषांच्या जोरावर अमेरिकेत एका माणसानं अख्ख्या व्यवस्थेशी पंगा घेतला होता. त्याचं नाव जॉन वेस्ली पॉवेल.

पॉवेलचा जन्म 1834 चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडील धर्मोपदेशक, पोराला मात्र नदी, दगड आणि शिंपल्यांचं वेड. तरुणपणी एकट्यानं होडी वल्हवत मिसिसिपी पालथी घातली. पुढे यादवी युद्धात, 1862 मध्ये शायलोच्या लढाईत उजव्या हाताला गोळी लागली आणि तो कोपराखाली कापावा लागला. तरी पठ्ठ्या पुन्हा सैन्यात रुजू झाला आणि मेजर होऊनच बाहेर पडला.

24 मे 1869 ला नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन तो ग्रीन नदीत उतरला. पुढे कोलोरॅडो आणि ग्रँड कॅन्यन. नकाशावर तिथे तेव्हा चक्क कोरी जागा होती. वाटेत एक होडी खडकावर फुटली. तिच्यातले बॅरोमीटर परत मिळाले तेव्हा पॉवेलचा जीव भांड्यात पडला, कारण हवेच्या दाबावरूनच उंची मोजायची होती. शेवटी खायला बुरसट पीठ, सुकी सफरचंदं आणि कॉफी उरली. एक जण आधीच परतला होता. प्रवास संपायला दोन दिवस असताना आणखी तिघे सोडून गेले, ते पुन्हा कुणाला दिसलेच नाहीत. 30 ऑगस्टला सहा जण बाहेर पडले.

त्या काळी पश्चिमेकडे जमिनीची नुसती झुंबड उडाली होती. नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असंही लोक खुशाल मानत. पॉवेलनं 1878 च्या अहवालात साधा हिशेब मांडला. वर्षाला सुमारे 500 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथे सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा नाही. पडलेल्या पावसातलं बरंचसं पाणी वाफ होऊन परत जातं, काही जमिनीत मुरतं; ओढ्यानं वाहतं तेवढंच पाटाला मिळतं.

मग हे पाणी कुठून कुठे जातं? उत्तर नकाशात. समोच्च रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र, लांब असतील तर सौम्य. रेषा ओढ्याला ओलांडताना इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळते आणि तिचं टोक उगमाकडे असतं. डोंगरधारा जोडत गेलात की जलविभाजक मिळतो. त्याच्या आत पडलेला थेंब एकाच नदीला जातो. हेच पाणलोट क्षेत्र. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रमुख झाल्यावर (1881 ते 1894) पॉवेलनं साऱ्या देशाचे असे नकाशे करायला घेतले. पट्टीनं सरळ सीमा आखू नका, पाणलोटानुसार जिल्हे करा आणि पाण्याचा कारभार तिथल्याच लोकांच्या हाती द्या, हा त्याचा आग्रह होता.

आधी मोजणी, मग जमीनवाटप, हे जमिनीच्या दलालांना कसं रुचणार? 1890 मध्ये संसदेनं त्याच्या सिंचन सर्वेक्षणाचा पैसा तोडला. 1893 मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्यानं तोंडावर सांगितलं, की आहे त्या जमिनीला पुरेल इतकं पाणीच नाही. लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्यानं पद सोडलं आणि 1902 मध्ये तो गेला.

1922 मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं, तेही चांगल्या पावसाची वर्षं हिशेबात धरून. नदीत तेवढं पाणी नव्हतंच. आज त्या नदीवरच्या एका प्रचंड जलाशयाला पॉवेलचं नाव आहे. 2023 च्या सुरुवातीला त्याची पातळी तो भरल्यापासूनच्या नीचांकावर गेली. ज्याचा हिशेब कुणी ऐकला नाही, त्याच्याच नावाच्या तलावानं तो पुन्हा मांडून दाखवला.