लहुजी वस्ताद

‘तालीम’ हा शब्द तुम्ही घरी रोज ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण मानवतच्या बाजारात एखादा मराठी मुलगा तुम्हांला म्हणाला की, मी तालमीत चाललो आहे, तर तो शाळेत चालला आहे असे समजू नका. मराठीत तालीम म्हणजे व्यायामाची आणि कुस्तीची जागा. तेथे शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. हा वस्ताद म्हणजे तुमचा उस्तादच! तालीम या शब्दाचे हे दोन्ही अर्थ ज्यांच्या आयुष्यात एकत्र आले, अशा एका वस्तादांची माहिती आज आपण घेऊ. त्यांचे नाव लहुजी राघोजी साळवे.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ या गावी झाला. ते मातंग समाजाचे होते. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. त्यांची सावलीही अंगावर पडू नये म्हणून लोक दूर सरत. पण साळवे घराणे शूर होते. वडील राघोजी यांनी लहुजींना लहानपणीच शस्त्रे चालवायला शिकवले. १८१७ साली खडकी येथे पेशवे व इंग्रज यांची लढाई झाली. त्या लढाईत राघोजी कामी आले. लहुजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. आपले आयुष्य देशासाठी वेचायचे, असा त्यांनी निश्चय केला.

पुढे लहुजींनी पुण्यात तालीम काढली. गंज पेठेतील त्यांची तालीम प्रसिद्ध आहे. तेथे ते कुस्ती, लाठी, तलवार, नेमबाजी आणि दांडपट्टा शिकवत.

दांडपट्टा तुम्ही पाहिला आहे का? पट्टा म्हणजे लांब, सरळ आणि लवचीक पाते. त्याची मूठ हातावर कोपरापर्यंत चढवतात. त्यामुळे मनगट वळवता येत नाही. पट्टा फिरवायचा तर खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी हलावे लागतात. म्हणून शिकणारा आधी साधी काठी घेतो आणि पावले कशी टाकायची, हे शिकतो. पुढे हात इतका तयार होतो की, जमिनीवर ठेवलेले लिंबू नेमके कापता येते. जरा लक्ष विचलित झाले, तर पाते स्वतःलाच लागायचे.

कुस्तीत एक जिंकतो आणि दुसरा चीत होतो. दांडपट्ट्याच्या सरावात मात्र कोणाला हरवायचे नसते. कालच्यापेक्षा आज आपला हात अधिक स्थिर झाला का, एवढेच पाहायचे असते. रागावलेल्या मुलाला पट्टा फिरवता येत नाही. त्याला आधी राग आवरावा लागतो. घाबरलेल्या मुलाला हळूहळू धीर येतो. जो दुबळा असतो, त्यालाही तेथे जागा असते. कारण त्याची बरोबरी फक्त स्वतःशी असते.

अशा या वस्तादांकडे उच्च मानलेल्या जातींचे तरुणही शिकायला येत. पुढे इंग्रजांविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके हे त्यांचेच शिष्य. विचार करा, ज्याला अस्पृश्य म्हणायचे, त्यालाच गुरू मानायचे! तालमीच्या मातीत हे घडत होते.

१८४७ च्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण दांडपट्टा व नेमबाजी शिकण्यासाठी लहुजींकडे आला. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोक संतापले. सावित्रीबाई शाळेत जाऊ लागल्या की, त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकत. अशा वेळी लहुजी आपल्या या शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढे जोतीरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा लहुजी व राणबा महार यांनी वस्त्यांतून मुले गोळा केली. भिणाऱ्या आईबापांना धीर दिला. वस्ताद सांगतात म्हटल्यावर आईबाप मुलांना शाळेत धाडू लागले.

लहुजींच्या नात्यातील मुक्ता साळवे ही मुलगी याच शाळेत शिकली. १८५५ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या तलवार होती, त्या घरातील मुलीने लेखणी हाती घेतली आणि निर्भयपणे चालवली.

लहुजींचे १७ फेब्रुवारी १८८१ रोजी निधन झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे.

मुलांनो, लहुजींच्या अंगी मोठे बळ होते. त्या बळाच्या जोरावर त्यांना लोकांना धाक दाखवता आला असता. पण त्यांनी ते लहान मुलांना शाळेपर्यंत पोहोचवण्यासाठी वापरले. तुम्हीही काठी शिका, कसरत करा, शरीर मजबूत करा. आणि तुमच्या गल्लीतले एखादे मूल कोणाच्या भीतीने शाळेत यायचे टाळत असेल, तर उद्या सकाळी त्याच्या दाराशी जा आणि त्याला सोबत घेऊन या. मग मराठीतली तालीम आणि उर्दूतली तालीम, दोन्ही तुम्हांला समजल्या असे म्हणता येईल.